कवळायचा चेंडू

लातूरच्या गंजात, तिथल्या अडत बाजारात, कापसाचा हंगाम आला की दगडोबाला बघायला माणसं थांबत. वरून गाडीवानानं बोचकं सोडावं आणि खाली दगडोबानं ते छातीशी असं घ्यावं की बोचक्यालाही वाटावं, आपण पडलोच नाही. शंकरप्पा अडत्यानं एकदा हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फुटबॉलच्या गोलात नेऊन उभं केलं. गंजाच्या टीमचा कप्तान शंकरप्पाच, चेंडूत हवा भरणारा शंकरप्पाच, आणि हरल्यावर रुसून दुकान बंद ठेवणाराही शंकरप्पाच.

राज्य निजामाचं होतं. जगात कुठं तरी मोठी लढाई पेटली होती. पण गंजातल्या माणसांना वर्षाकाठची एकच लढाई खरी वाटे, ती लातूर आणि नांदेडची. एक वर्ष सामना इथं, एक वर्ष तिथं.

लातूरच्या सामन्याला गोलाच्या मागं एक बैलगाडी सोडलेली असे. बैल लिंबाखाली, आणि जू जमिनीला टेकवलेल्या त्या गाडीत दोघी बसलेल्या. एक दगडोबाची आई सरस्वतीबाई, दुसरी त्याची बायको धुरपता. धुरपता औशाकडच्या शेतकऱ्याची लेक. जात्यावर बसली की ओवीला ओवी फुटत जायची, दळण संपायचं पण ओवी संपायची नाही.

आता मैदानात सगळे ओरडायचे, "दगड्या, धर!" "दगड्या, डावीकडं!" धुरपतानं कसं ओरडावं? बायकोनं नवऱ्याचं नाव उघड्यावर घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि उखाण्यात घालून घेतलं तर वाढतं, हे औशापासून नांदेडापर्यंत सगळ्यांना ठाऊक. म्हणून दगडोबानं चेंडू अडवला की गाडीतून डोईवरचा पदर सावरत उखाणा यायचा.

"तुरीच्या शेंगा वाजत्यात खुळखुळ, दगडोबारावांपुढं नांदेडची झाली धूळ."

माणसं हसायची, टाळ्या पिटायची, आणि दगडोबाचे कान लाल व्हायचे. पुढचा चेंडू यायच्या आत त्याचे हात पुढं आलेले असायचे. हळूहळू गंजात पक्कं झालं, की चेंडू अडवतो तो दगडोबा नाही, धुरपताचा उखाणा अडवतो. सरस्वतीबाईही म्हणायच्या, "माझा लेक दगडच हाय. ही नाव घेती तवा त्याला हात फुटत्यात."

त्या वर्षी सामना नांदेडला होता. सगळी मंडळी, धुरपता आणि सरस्वतीबाईसुद्धा, मोटारीनं धूळ खात नांदेडला पोहोचली. बघतात तर मैदान भरलेलं. पुढं कुठं तरी रूळ खचले होते, म्हणून गोऱ्या सोजिरांची एक गाडी स्टेशनात अडकून पडली होती. बसून बसून कंटाळलेले सोजीर खाली उतरले आणि मैदानात शिरले. अंगात चड्ड्या, गुडघे टोमॅटोसारखे, आणि हातात एक चेंडू. पण कसला चेंडू? दोन्ही टोकांनी ओढलेला.

"बसल्या बसल्या कुनाच्या बुडाखाली गेला असंल," सरस्वतीबाई म्हणाल्या.

शंकरप्पाला दया आली. तो आपला गोल चेंडू घेऊन त्यांना द्यायला निघाला. एका लालबुंद सोजिरानं त्याचा चेंडू बघितला, हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि परत दिला. शंकरप्पा आला तो पाठ चोळत. "ऱ्हाऊ द्या. त्यांना वाकडाच आवडतो."

स्टेशनावरच्या बाबूनं सांगितलं, ह्या खेळाला रगबी म्हणतात. सगळे कडेला बसले. सोजिरांचं खेळून झाल्यावरच आपला सामना. गंजातली माणसं आधी खो खो हसली. एक जण चेंडू पोटाशी धरून पळतोय, दहा जण त्याच्या मागं, कुणी पायाला मिठी मारतोय, कुणी कमरेला. पडले की उठतात, उठले की पुन्हा गळ्यात गळे. मग एकदम सगळ्यांनी खांद्यात खांदे अडकवले, डोकी खाली घातली आणि दोन्हीकडून रेटायला लागले. चेंडू आत कुठं तरी, आणि वर नुसत्या पाठी.

"लढाई करायची सोडून ह्यांनी काय हे मांडलंय," व्यंकट म्हणाला. व्यंकट शंकरप्पाचा भाचा, टीममध्ये राखीव, सामन्यात पाणी पाजायच्या कामाचा. "अन् येडे हायत. पुढं पळायचं अन् चेंडू मागच्याला द्यायचा? पुढं का देत न्हाईत?"

धुरपताचे डोळे चेंडूवरून हलत नव्हते. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, ही तर काढणी हाय."

सरस्वतीबाईंनी डोळे बारीक केले. ज्वारीच्या काढणीत माणसं ओळीनं पात धरतात आणि पुढं पुढं सरकतात. मिठीत मावतील एवढी कवळभर ताटं झाली की मागच्याकडं द्यायची. मागचा पेंढी बांधतो.

"अगं हाव की," त्या म्हणाल्या. "पुढं फेकलं तर उभ्या पिकात पडंल."

"तेच म्हनते मी."

"अन् हे डोकी घालून रेटून राहिलेत ते?"

"पंचमीला आपन बायका धरतो तो फेरच की. नुसतं गाणं न्हाई म्हनत हे लोक."

"गाण्याबिगर रेटायचं म्हंजे जीव जायचा," सरस्वतीबाई हळहळल्या.

तेवढ्यात एक किडकिडा सोजीर त्या गर्दीतून निसटला. चेंडू त्याच्या उजव्या काखेत. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसऱ्यानं त्याचा सदरा धरला तर सदरा तिसऱ्याच्या हातात राहिला आणि हा पुढं. उघडा, पांढराफट, बगळ्यासारखा पळत गेला आणि शेवटच्या रेषेपल्याड पोटावर पडला. पण चेंडू टाकला नाही. दोन्ही हातांनी जमिनीवर टेकवला. पाळण्यात घातल्यासारखा.

धुरपताला काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. पायाच्या अंगठ्यापासून हसू वर चढत आलं. ती उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. सरस्वतीबाईंनी तिचा पदर ओढला, "बस की. नांदेड बघून राहिलंय." पण त्या स्वतःही अर्ध्या उठल्या होत्या.

मग गोरे गेले आणि आपला सामना लागला. चेंडू गोल, गडी ओळखीचे, गोलात दगडोबा. नांदेडच्या पहिल्याच तडाख्याला त्यानं उडी मारून चेंडू धरला आणि सवयीनं मागं बघितलं.

उखाणा आला नाही.

धुरपतानं तोंड उघडलं होतं. तिनं लिंबोळी आठवली, बाभूळ आठवली, गुळाची ढेप आठवली. काहीच जुळेना. तिच्या डोळ्यांपुढं अजून तो उघडा सोजीर पळत होता. दगडोबानं वाट बघितली, बघितली, आणि चेंडू लाथेनं लांब उडवून दिला. पुढचा चेंडू आला तेव्हा तो मागंच बघत होता. नांदेडनं गोल केला. लातूर हरलं.

परतीच्या मोटारीत शंकरप्पा सगळ्यांकडं पाठ करून बसला. एकटी धुरपता खिडकीशी बसून पुटपुटत होती. सरस्वतीबाईंनी कान लावला.

"लांबुळका चेंडू बाई, दुधी जसा मांडवाला, पोटाशी गं धरूनिया गोरा पळे मैदानाला."

"हळू म्हन," सरस्वतीबाई कुजबुजल्या. आणि थोड्या वेळानं, "फुडं?"

"एकमेका खांद्यामंदी डोकी गडी घालिती गं, वैऱ्याला बी मिठी देती, भुईवरी लोळती गं."

दगडोबा पुढच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता.

घरी आल्यावर त्यानं सरळच विचारलं. "माझा खेळ उतरला का तुझ्या मनातून?"

धुरपता चुलीपुढं बसली होती. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं आणि खरं बोलायला जीव होत नव्हता. "खेळ चांगलाच हाय वो. पर त्या चेंडूला कुनी जवळ घेत न्हाई. समदे लाथाच हानत्यात."

"मी घेतो की. अकरा जनांत मी एकलाच घेतो."

"तुमी घेता," ती म्हणाली, "अन् लगीच टाकून देता."

दगडोबा उठला. तो बाहेर जाऊन बाजेवर पडला आणि रात्रभर आपले दोन हात छातीवर घेऊन बघत राहिला.

शंकरप्पाचं म्हणणं मात्र अगदी उघड होतं. तो दुकानाच्या गादीवर बसून सगळ्यांदेखत बोलला. "दगडोबा, तुझ्या बायकोला सांग. पुढल्या साली नांदेड आपल्या घरी येनार. तिनं नाव घेतलं तर गोलात तू. न्हाई घेतलं अन् एक बी चेंडू आत गेला, तर जर्सी काढून व्यंकटला द्यायची."

हे धुरपताच्या कानावर आलं तेव्हा तिनं जात्याचा खुंटा सोडला. एक उखाणा तर घ्यायचा होता. ओठांवरून सोडून द्यायचा. पण मनात नसताना नवऱ्याचं नाव घेणं म्हणजे देवाला उष्टं दाखवणं. त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं. आणि मुकं राहिलं तर त्याची जर्सी जाणार. गोलातल्या त्या जागेशिवाय दगडोबाला जगात मिरवायला दुसरं काही नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पण मन दुःखी असलं तरी पाय ऐकत नाहीत. एका दुपारी मांडवावरचा दुधी काढताना तिनं तो सहज काखेत धरला. आणि धरल्यावर चार पावलं पळाली. चार पावलं पळाल्यावर सरस्वतीबाईंनी चौकटीतून विचारलं, "मागं कुनाला देनार?"

"तुमाला."

"दे मग."

त्या दिवसापासून गल्लीतल्या दुपारी बदलल्या. पुरुष गंजात गेले की बायका नेसूचा पदर खोचून परसात जमायच्या. सोजिरांची एकच चूक होती, ती त्यांनी आधी दुरुस्त केली. रेटताना गाणं म्हणायचं. गाणं थांबलं की रेटणं थांबायचं. गाण्याच्या शेवटाला ज्या बाजूला दुधी त्या बाजूनं पळायचं, तुळशीवृंदावनाला टेकवला की झालं. दुधी फुटला की ज्या बाजूकडून फुटला तिनं भाजी करून सगळ्यांना वाढायची. गल्लीतली माणसं रोज संध्याकाळी दुधीची भाजी बघून चक्रावली.

एक दिवस दगडोबा दुपारचाच घरी आला. परसाच्या दारात थांबला. समोर त्याची आई खाली डोकं घालून शेजारणीला रेटत होती आणि मोठ्यानं गात होती. दुधी घरंगळत आला तो त्याच्या पायाशी. त्यानं सवयीनं उचलला.

सगळ्या बायका पदर सावरत भिंतीला लागल्या. धुरपता एकटीच मध्ये उभी राहिली, धापा टाकत, कपाळावरचं कुंकू नाकावर उतरलेलं.

"तुळशीला टेकवायचा," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"पळा की."

दगडोबा उभ्या जन्मात कधी पळाला नव्हता. गोलकीपरला कशाला पळावं लागतंय? तो दोन पावलं गेला आणि थांबला, कारण वाटेत आई उभी होती.

"बायकांनी परक्या गड्याला हात लावायचा न्हाई," सरस्वतीबाई भिंतीकडं बघून ओरडल्या, "ह्याला मीच धरते." आणि त्यांनी लेकाच्या पायाला अशी मिठी मारली की दगडोबा दुधीसकट ओल्या मातीत. वर धुरपता येऊन पडली. भिंतीला लागलेल्या बायका हसून हसून खाली बसल्या. दगडोबा आईच्या आणि बायकोच्या मध्ये दबून पडला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. पण त्यानं दुधी सोडला नव्हता.

"सोडा आता," धुरपता म्हणाली.

"सुटंना," तो म्हणाला.

वर्ष फिरलं आणि नांदेडची मंडळी लातूरला आली. मैदानाभोवती माणूस मावेना. कडेला भजीवाला भजी तळत होता, तहसीलदाराच्या खुर्चीवर छत्री धरली होती, आणि शिट्टी रेणुकादास मास्तरांच्या गळ्यात. मास्तर शाळेत मुलांना जेवढे भीत, तेवढेच मैदानात शंकरप्पाला. गोलाच्या मागं गाडी सोडलेली होती. गाडीत दोघी. मागं गल्लीतल्या सगळ्या बायका आणखी दोन गाड्या भरून.

दगडोबा गोलात जाण्याआधी गाडीपाशी आला. "नाव घ्यायचं मनात नसंल तर घिऊ नगंस," तो हळूच म्हणाला. "जर्सी काय, व्यंकटला बी बरी दिसंल."

धुरपतानं मान खाली घातली. तिला रडू येत होतं.

खेळ सुरू झाला. नांदेडचे गडी सपाट्यानं येत. दगडोबा अडवत होता, पण हात जड झाले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. एक चेंडू खांबाला लागून गेला. एक चेंडू त्याच्या बोटांना चाटून बाहेर गेला. प्रत्येक वेळी मैदान गाडीकडं बघे आणि गाडीत धुरपता ओठ घट्ट मिटून बसलेली. शंकरप्पा मैदानाच्या मध्यातून ओरडला, "वहिनी, येक तर घ्या!" व्यंकट कडेला उभा राहून सदऱ्याची बटणं सोडायला लागला होता.

मग नांदेडचा एक उंच गडी एकटाच सुटला. पुढं कुणी नाही, फक्त दगडोबा. त्यानं अशी लाथ हाणली की चेंडूचा आवाज भजीवाल्यापर्यंत गेला. दगडोबा आडवा झाला, हवेतच होता, आणि चेंडू त्याच्या छातीशी येऊन थांबला. कापसाच्या बोचक्यासारखा. चेंडूचं तोंड शिवलेल्या चामडी वादीची गाठ छातीला खुपली.

तो उठला. चेंडू टाकायला हात वर नेला. आणि मागं बघितलं. धुरपता चेंडूकडं बघत नव्हती. ती त्याच्या हातांकडं बघत होती.

दगडोबानं हात खाली घेतला. चेंडू काखेत घातला. आणि पळाला.

आधी कुणाला काही कळलंच नाही. तो गोलाच्या चौकटीबाहेर आला, पुढं आला, आपल्याच गड्यांना ओलांडून गेला. रेणुकादास मास्तरांनी शिट्टी वाजवली. दगडोबा थांबला नाही. मास्तरांनी परत वाजवली, मग वाजवतच राहिले. नांदेडचे गडी त्याच्या पुढं आले, पण हातानं धरायचं की पायानं अडवायचं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून ते बाजूला झाले. शंकरप्पा मागून पळत होता, "दगड्या, टाक! आरं टाक!" आणि गाडीत सरस्वतीबाई उभ्या राहिल्या होत्या, "टाकू नगंस रं!"

तेव्हा धुरपताचं तोंड उघडलं. वर्षभर अडलेलं सगळं एकदम आलं.

"औशाच्या रानात ज्वारी आली भरात, दगडोबारावांनी काढली चेंडूची वरात!"

मैदानात अशी आरोळी उठली की तहसीलदाराची छत्री धरणारा दचकला. मागच्या गाड्यांतल्या बायकांनी रेटायचं गाणं धरलं. धुरपता गाडीतून खाली उतरली, कडेकडेनं पळत निघाली आणि पळता पळता नावं घेत राहिली.

"बाभळीच्या शेंगंला घुंगरांचा नाद, दगडोबाराव पळाले अन् नांदेड झालं बाद."

दगडोबा पलीकडच्या गोलाशी पोहोचला. तिथं नांदेडचा गोलकीपर ग्यानोबा हात पसरून उभा होता आणि ते हात आता कशाला पसरलेत हे विसरून गेला होता. दगडोबा त्याच्या बाजूनं आत गेला, गुडघ्यांवर बसला, आणि दोन्ही हातांनी चेंडू जमिनीवर ठेवला. मग धापा टाकत तिथंच आडवा झाला.

ग्यानोबा वाकून बघत राहिला. "पाव्हणं, हे काय केलंत?"

"ठिवला."

"असं ठिवायचं असतंय?"

"हाव."

ग्यानोबानं चेंडूकडं बघितलं. त्याचीही सगळी उमर दोन खांबांमध्ये उभं राहण्यात गेली होती. "मंग मी न्हेऊ का तिकडं?"

"न्हे की."

ग्यानोबानं चेंडू उचलला, पोटाशी धरला आणि लातूरच्या गोलाकडं सुटला. आता लातूरचे गडी त्याच्या मागं. व्यंकटनं त्याच्या कमरेला मिठी मारली, त्याच्यावर नांदेडचा उंच गडी पडला, त्याच्यावर भजीवाला, तो का पडला हे त्यालाही सांगता आलं नाही. रेणुकादास मास्तर शिट्टी वाजवून वाजवून दमले, शेवटी शिट्टी खिशात घालून त्यांनी धोतर वर खोचलं. सूर्य बुडेपर्यंत चेंडू कधी इकडं, कधी तिकडं. कोण लातूरचं आणि कोण नांदेडचं हे धुळीत ओळखू येत नव्हतं. एकटा शंकरप्पा मैदानाच्या मध्यात कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या भोवतीनं सगळं वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकरप्पा जर्सी न्यायला आला. नाव तर घेतलं होतं, पण गोल सोडून पळालेल्याला गोलात कोण ठेवणार?

दगडोबानं ती धुऊन दोरीवर घातली होती, अजून पाणी गळत होतं. त्यानं ती पिळली, घडी केली आणि शंकरप्पाच्या हातात दिली. आत धुरपता भिंतीला टेकून उभी होती. "माझ्यामुळं गेली," ती म्हणाली.

"गोलात उभं ऱ्हायचं गेलं," दगडोबा तिच्याकडं वळून म्हणाला. "पाय लई दुखून राहिलेत पर. आज बी पळावं वाटून राहिलंय."

धुरपता हसली, आणि हसल्यावर तिचे डोळे भरून आले, आणि भरल्यावर ती आणखीनच हसली.

जर्सी मिळाली तरी शंकरप्पा जाईना. पायरीवर बसला. मांडीवर ओल्या जर्सीचा डाग पसरत गेला. त्यानं घसा खाकरला. "सरस्वतीमावशी, एक इचारू? ते डोकी खाली घालून रेटत्यात म्हनं तुमच्या परसात. त्यात एका अंगाला किती मानसं लागत्यात?"

"असतील तितकी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तुमचं डोकं मोठं हाय, तुमी दोघांच्या ठिकाणी चालाल."

"मला जमंल?"

"गाणं म्हनावं लागतंय," आतून धुरपता म्हणाली. "गाण्याबिगर रेटता येत न्हाई."

"गाणं मला येत न्हाई, वहिनी."

"येतंय की. रोज गंजात लिलाव पुकारता."

शंकरप्पानं गल्लीत इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं डोळे मिटले, आणि तुरीचा भाव पुकारावा तसा, अगदी हळू, पहिला सूर लावला.